क कमळाचा

अंजनीला शिकवलेली सगळी अक्षरं आली, एक क तेवढा येईना. ख आला, ग आला, घ तर तिनं पहिल्याच दिवशी घरासारखा ऐसपैस काढून दाखवला. ज्या ङ आणि ञ चं जन्मात कुणाशी काम पडत नाही, तेसुद्धा ती बिनचूक ओळखायची. पण उमाबाईंनी तक्त्यावरच्या पहिल्या चौकोनावर छडी टेकवून "क कशाचा?" म्हणून विचारलं, की अंजनी मान खाली घालायची आणि पायाच्या अंगठ्यानं सारवलेली जमीन उकरत बसायची.

तक्त्यावर चांगलं ठसठशीत कमळ काढलेलं होतं. लांबूनही नजरेत भरावं असं गुलाबी.

"अहो, वर बघा तरी. काय आहे हे?"

"फूल हाय, बाई."

"कुठलं फूल?"

"पाण्यातलं."

"बरं, पाण्यातलं. त्याला म्हणायचं काय?"

अंजनी पुन्हा अंगठ्यानं जमीन उकरायला लागायची. मागच्या रांगेत बायकांची खसखस पिकायची आणि उमाबाई कपाळाला हात लावायच्या.

चौपन्न साल होतं. राज्यात अंगठा उठवणारं माणूस म्हणून शिल्लक ठेवायचं नाही, असं मुंबई सरकारनं मनावर घेतलं होतं. या कामाला समाजशिक्षण असं भारदस्त नाव होतं. त्यासाठी अधिकारी होते, तक्ते होते, परीक्षा होत्या. बदलापूर गावात चावडीच्या भिंतीवर 'निरक्षरता हा शाप आहे' असं गेरूनं हातहातभर अक्षरांत लिहून ठेवलं होतं. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना ते वाचता येत नव्हतं, एवढी एक बारीक गोष्ट लिहिणाऱ्याच्या ध्यानात आली नव्हती. पुरुषांचा वर्ग दिवेलागणीला भरायचा आणि बायकांचा दुपारी, जेवणं-भांडी आवरल्यावर, चावडीमागच्या खोलीत. उमाबाई बेलवलीहून छत्री धरून चालत यायच्या. ट्रेनिंग झालेल्या, हुशार, वयानं अंजनीपेक्षा पुष्कळ लहान. त्यांच्या शिकवण्यात खोट काढायला जागा नव्हती. त्यांना फक्त एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि ती वर्गातल्या झाडून साऱ्या बायकांना ठाऊक होती.

अंजनीच्या नवऱ्याचं नाव कमळाकर होतं.

आता नवऱ्याचं नाव बायको घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. बरं, नुसतं नाव टाळून भागत नाही, नावाच्या वाटेवर येणारे शब्दही टाळावे लागतात. शेजारच्या कौसाबाईचा नवरा गणपत, म्हणून तिच्या घरी भाद्रपदात यायचा तो 'मोरया'. वेणूच्या नवऱ्याचं नाव सोमा, त्यामुळे तिच्या आठवड्यात सोमवार नव्हता, 'शंकराचा वार' होता. साऱ्या गावाला हे इतकं सवयीचं होतं की ते कुणी कुणाला समजावून सांगत नसे. उमाबाईंना मात्र ते सुचण्यासारखंच नव्हतं. पहिल्या दिवशी बायकांनी भीतभीत "मालक काय करतात?" विचारलं, तेव्हा "शरदचंद्र ना? ते अंबरनाथच्या कारखान्यात, ऑफिसात असतात," असं त्यांनी खुशाल सांगून टाकलं होतं. अख्ख्या वर्गानं तोंडात बोटं घातली. वेणूनं तर बाईंच्या वतीनं स्वतःची जीभ चावली.

अंजनीचा कमळाकर पांचाळ मूळचा संगमेश्वराकडचा. अंबरनाथला फिटर म्हणून लागला, लग्न केलं आणि बदलापूर गावात भाड्याची खोली घेऊन संसार मांडला. संसार चांगला चालला होता. मग कुणीतरी त्याच्या कानात भरवलं की इराणात आबादानला तेलाचा अचाट कारखाना आहे आणि तिथे फिटर म्हणजे राजा. गेला. दाराशी वळून "अगं, येतो" एवढंच म्हणाला. सुरुवातीला पत्रं आली, ती कौसाबाई कुणाकुणाला पकडून वाचून घ्यायची. मग पत्रं थांबली. एक्कावन्न साली तिकडे काहीतरी मोठा तंटा झाला, कारखाना बंद पडला आणि आपल्याकडची माणसं बोटी भरभरून परत आली. अंबरनाथची आली, कल्याणची आली. कमळाकर आला नाही. कुणी म्हणालं तो बसऱ्याला गेला, कुणी म्हणालं कुवेतला दिसला होता. एकानं तर अंजनीला समोर बघून विषयच बदलला.

त्यामुळे ती धड सवाशीण नव्हती, धड विधवा नव्हती. हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही याची बायकांना पंचाईत पडायची, आणि पंचाईत नको म्हणून बोलावणंच यायचं नाही. अंजनी रोज सकाळी कोरून कुंकू लावायची आणि गोधड्या शिवायला बसायची. उल्हासनगरच्या कॅम्पात सिंधी बायका तिच्या गोधड्या घ्यायच्या. त्या गोधडीला रल्ली म्हणायच्या, उलटीसुलटी करून टाके बघायच्या आणि "आदमी कहाँ है?" विचारायच्या. "परदेस में," अंजनी सांगायची. त्या पुढे काही बोलायच्या नाहीत. त्यांचीही माणसं कुठे कुठे राहून गेलेली होती.

घरी आलं की बोलायला कुणी नाही. सकाळ कामात जायची, संध्याकाळी चुलीची सोबत असायची, पण दुपार तिला खायला उठायची. नवऱ्यासाठी करावं असं काहीच तिच्या हातात उरलं नव्हतं. त्याचा डबा नव्हता, त्याचे तेलकट कपडे नव्हते, आजारीपाजारी पडला तर उशाशी बसणं नव्हतं. त्याचं नाव तोंडातून बाहेर पडू द्यायचं नाही, एवढं एकच काम राहिलं होतं आणि ते ती जिवापाड करत होती. आपण गप्प आहोत तोवर तो कुठेतरी धडधाकट आहे, असं तिनं मनाशी घट्ट धरलं होतं. निवडणुकीच्या आधी नावं लिहायला माणूस आला, तेव्हाही ती गप्पच राहिली. नुसत्या 'अंजनी'वर त्याचं भागेना आणि पुढचं ती सांगेना. शेवटी 'फिटरची बायको' असं लिहून तो निघून गेला, आणि असली नावं पुढे म्हणे वरच्यांनी खोडून टाकली.

अशा बाईला कौसाबाईनं हाताला धरून वर्गात आणून बसवलं. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना उमाबाईंनी आवाज दिला, "अंजनीबाई!" आणि अंजनी इतकी दचकली की 'हजर' म्हणायचं विसरली. नवरा तिला 'अगं' म्हणायचा. गाव 'फिटरीण' म्हणायचं. आई गेल्यापासून तिच्या नावानं तिला कुणी हाक मारलीच नव्हती. त्या दिवसापासून तिनं वर्ग चुकवला नाही. शिक्षणाची ओढ वगैरे म्हटलं तर सरकारला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. ती हजेरीसाठी यायची.

आणि तीच हजेरी आता क पायी जायची वेळ आली. एके दुपारी उमाबाईंचा धीर सुटला. "अंजनीबाई, पहिलंच अक्षर येत नसेल तर मी तुम्हाला पुढे ढकलू तरी कशी? थोडे दिवस घरी बसा. सराव करा, मग या."

अंजनीचा चेहरा उतरला. ते बघून कौसाबाई उसळून उठली. "ओ बाई, तिला येतंय त्ये! तिच्या मालकाचं नाव हाय."

"कुठलं नाव?"

"त्येच की! तुमीच टांगलंय नव्हं भिताडाला, येवढं मोठं, गुलाबी!"

उमाबाईंनी तक्त्याकडे पाहिलं, अंजनीकडे पाहिलं, आणि एकदम खळखळून हसल्या. मग सगळा वर्गच हसायला लागला. अंजनीनं तोंडाला पदर लावला, पण तिचेही खांदे हलत होते. किती दिवसांनी हसत होती कोण जाणे.

"अहो, मग दुसरा शब्द घेऊ! क ला काय तोटा आहे? करवत घ्या, कणीस घ्या, कपाट घ्या..."

"कानस," अंजनी म्हणाली.

"म्हणजे?"

"लोखंड घासायची. आमच्या ह्यांच्या हातात असायची ती."

तेव्हापासून अंजनीपुरता क कानशीचा झाला, आणि मग तिला कुणी अडवू शकलं नाही. स्टेशनावरचं 'बदलापूर' तिनं वाचलं. चावडीच्या भिंतीवरचा शाप वाचला आणि तिला जरासं वाईटही वाटलं. एक गोष्ट मात्र ती सांभाळून करायची. पाटीवर क काढला की त्याच्या शेजारी म येऊ द्यायची नाही. म काढायचा तो खालच्या ओळीत, र तिसऱ्या कोपऱ्यात. शेवटी ळ शिकवला, तो तिनं पाटीच्या मागच्या बाजूला काढला. त्याच्या नावातली सगळी अक्षरं आता तिच्यापाशी आली होती. ती एका जागी बसू द्यायची नाहीत, एवढंच तिनं बघायचं होतं.

पण परीक्षा आली. उमाबाईंनी समजावून सांगितलं. ठाण्याहून साहेब येणार. आधी पाटीवर आपलं पूर्ण नाव लिहायचं, मग साहेब सांगतील ते वाक्य लिहायचं, मग चार ओळी वाचायच्या. पास होतील त्या पुढच्या वर्गात जाणार, तिथे गोष्टीची पुस्तकं, वर्तमानपत्र. पूर्ण नाव म्हणजे स्वतःचं, नवऱ्याचं आणि आडनाव. मुंबईत बसून ज्यांनी हा नियम केला, त्यांच्या घरातल्या बायका त्यांना नावानं हाक मारत होत्या असं नाही. पण कागद पुढे आला की घरातलं कुणाला आठवतं!

वर्गात दुपारभर खल चालला.

"तोंडानं घ्यायचं नाय असं हाय," कौसाबाईनं निवाडा दिला. "हाताला कुठं जीभ असत्ये?"

"पन आपन लिवलं नि कुनी मोठ्यानं वाचलं तर?" वेणूनं शंका काढली.

"मग नाव वाचनाऱ्यानं घेतलं! त्याचं त्यो बघंल."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कौसाबाईनं तर लगेच 'गणपत' लिहून टाकलं आणि कुणी बघायच्या आत पाटी पालथी घातली. अंजनी मात्र वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळली.

"बाई, नुसतं अंजनी लिवलं तर नाय चालायचं?"

"नापास करतील हो."

"मग हजेरीला?"

"पुन्हा पहिल्या वर्गात बसावं लागेल, नव्या बायकांबरोबर. तुमच्या या सगळ्या जणी पुढे जातील." उमाबाई छत्री घेऊन उठल्या, पुन्हा थांबल्या. "अंजनीबाई, नाव लिहिल्यानं माणसाला काही होत नसतं."

"तुमचे संध्याकाळी घरी येतात, बाई," अंजनी म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. उमाबाईंनी छत्री उघडली आणि त्या बेलवलीच्या वाटेला लागल्या.

परीक्षेच्या दिवशी साहेब वेळेवर आले. माणूस भला होता, कुणावर डाफरला नाही, पण घाईत होता. इथलं आटपून त्यांना पुढे खरवईला जायचं होतं. कौसाबाईचं झालं, वेणूचं झालं. मग अंजनीनं पाटी मांडीवर घेतली आणि 'अंजनी' लिहिलं. तिथे पेन्सिल थांबली. तिला आपली खोली आठवली, दुपारची. या सगळ्या जणी पुढे जाणार आणि आपण पुन्हा त्या खोलीत नाहीतर परक्या बायकांत बसणार, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं. कौसाबाईनं शेजारून कोपर मारलं. हाताला जीभ नसते, अंजनीनं मनाशी म्हटलं, आणि क काढला.

इतके दिवस लांब लांब ठेवलेली अक्षरं एकेक करून शेजारी येऊन बसली. ळ काढताना पेन्सिल दोनदा अडली, पण निघाला. र ची शेपटी ओढून झाल्यावर तिनं पाटीकडे पाहिलं. तो आला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो तिच्या डोळ्यांसमोर, तिच्या मांडीवर होता, आणि तिच्या नावाला खेटून होता. पांचाळ तिनं कसंबसं लिहिलं.

साहेबांनी वाकून मोठ्यानं वाचलं, "अंजनी कमळाकर पांचाळ. वा! अक्षर सुरेख आहे तुमचं."

ते नाव असं भर खोलीत उच्चारलेलं ऐकलं आणि अंजनीनं चटकन दाराकडे पाहिलं. दारात ऊन होतं आणि बायकांच्या वहाणा होत्या.

"छान. आता हे पुसा, आणि लिहा, 'आमचा गाव सुंदर आहे.'"

साहेब सहज बोलले. पाटी आहे ती, पुसायचीच असते. सकाळपासून साऱ्या जणींनी तिथल्या ओल्या फडक्यानं पुसली होती. पण 'पुसा' म्हटल्याबरोबर अंजनीचा हात आपसूक कपाळाकडे गेला. पुसायचं म्हणजे काय असतं ते तिनं वडील गेले तेव्हा पाहिलं होतं. चार बायकांनी आईला धरून बसवलं होतं, आणि एकीच्या हातात असंच ओलं फडकं होतं.

"पुसा बाई, उशीर होतोय."

अंजनी हलली नाही. तिला समजलं नसेल असं वाटून साहेबांनीच फडकं उचललं. "द्या इकडे, मी पुसतो."

तिनं पाटी मागे ओढली, छातीशी आवळून धरली आणि ताडकन उठून बाहेर पडली. "अंजनीबाई! अहो अंजनीबाई!" उमाबाईंनी मागून हाका मारल्या. बाईंनी नावानं हाक मारली आणि तिनं ओ दिली नाही, असं पहिल्यांदाच झालं.

घरी येऊन तिनं दाराला आतून कडी घातली. भिंतीला टेकून बसली, दम खाल्ला, आणि मग हळूच पाटी छातीपासून दूर धरली.

पाटी कोरी होती. पांढुरके फराटे तेवढे उरले होते. नाव सगळं तिच्या पदराला लागलं होतं. साहेबांच्या फडक्यापासून तिनं ते वाचवलं, आणि वाटभर छातीशी धरून स्वतःच पुसून टाकलं.

मग ती रडली. एक्कावन्न साली बोटी आल्या तेव्हा रडायला हवं होतं तेवढं सगळं रडली. तेव्हा रडली नव्हती, कारण रडणं म्हणजे तो गेला असं कबूल करणं होतं. आता कबूल करायचं नाही असं म्हणायलाही तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. तो मेला की कुवेतात दुसरं घर करून बसला, हे तिला आजही ठाऊक नव्हतं. तो येणार नाही एवढं मात्र तिला कळून चुकलं, आणि ते तिला मनातून कधीपासूनच ठाऊक होतं.

रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि पेन्सिल शोधून काढली. पुन्हा लिहिलं. या वेळी पेन्सिल अडली नाही. मग बोट ठेवून, वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचलं.

"कमळाकर."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. हाक मारल्यावर माणूस थांबतं तशी ती थांबली. शेजारी कौसाबाईच्या कोंबड्या कुरकुरत होत्या. तिनं पुन्हा एकदा, जरा चढ्या आवाजात म्हटलं. घर एवढंसं होतं, तो आत असता तर त्याला ऐकू गेलं असतं. कुणी ओ दिली नाही. बराच वेळ वाट बघून ती उठली आणि चुलीपाशी जाऊन एकटीपुरते तांदूळ धुतले.

अंजनी नापास झाली. साहेबांचाही इलाज नव्हता, वाक्य लिहिल्याशिवाय पास करायचा हुकूम नव्हता. कौसाबाई, वेणू आणि बाकीच्या पुढच्या वर्गात गेल्या. त्यांचा वर्ग आता शाळेच्या पडवीत भरायचा. कौसाबाईला वाईट वाटलं. चार दिवस ती येऊन बसली, वर्तमानपत्रातलं काहीबाही सांगितलं, मग तिचंही येणं कमी झालं.

चावडीमागच्या खोलीत पहिला वर्ग नव्यानं भरला. बायका वाडीवस्तीवरच्या, अनोळखी, बुजलेल्या. अंजनी एका कडेला जाऊन बसली. उमाबाईंनी हजेरी काढली. आता पूर्ण नाव कळलेलं होतं, म्हणून त्यांनी सवयीनं पूर्ण वाचलं, "अंजनी कमळाकर पांचाळ," आणि वाचून झाल्यावर चपापल्या.

"हजर," अंजनी म्हणाली.

उमाबाईंनी तक्ता टांगला. छडी उचलली. पहिल्या चौकोनाशी ती घुटमळली, मग त्यांनी अंजनीकडे बघायचं टाळून ती पुढच्या चौकोनावर नेली. "हं, म्हणा. ख खटाऱ्याचा."

"बाई, क राहिला," अंजनी म्हणाली.

उमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी छडी मागे आणली आणि हळू आवाजात विचारलं, "क कशाचा?"

"क कमळाचा."

स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली. पुढे कुणी म्हटलं की मागून सगळ्यांनी म्हणायचं, एवढी वर्गाची रीत नव्या बायकांना कळली होती. त्यांना बिचाऱ्यांना बाकी काहीच ठाऊक नव्हतं. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "क कमळाचा."

अंजनीनं दाराकडे पाहिलं नाही.